रेडिओ लहरींवरील टॅग आणि लहान व्यवसायाचा मालसाठा : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

व्यापाराच्या इतिहासलेखनात पैशाच्या हिशेबाला जेवढे महत्त्व मिळाले तेवढे मालाच्या मोजदादीला मिळालेले नाही. कीर्द आणि खतावणी यांविषयी बरेच लिहिले गेले. दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या दिवशी चोपडीचीही पूजा होते. परंतु गोदामात प्रत्यक्ष किती नग शिल्लक आहेत, जांगड म्हणून दिलेल्या मालापैकी किती परत आला आणि किती विकला गेला, हे प्रश्न बहुधा मुनिमाच्या स्मरणशक्तीवर व वर्षअखेरच्या मोजणीवर सोडून दिलेले असत. लहान दुकानदाराचा माल त्याच्या डोळ्यांसमोरच असतो, त्याला वेगळ्या नोंदीची गरज काय, असाही एक समज रूढ आहे. वास्तविक डोळ्यांसमोरचा माल आणि वहीतला माल यांत अंतर पडण्यासाठी दुकान मोठेच असावे लागते असे नाही. आणि मोठ्या दुकानांनाही हे अंतर चुकलेले नाही. निकोल डिहोरेशियस व अनंत रामन यांनी इ. स. २००८ मध्ये 'मॅनेजमेंट सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ३७ दुकानांतील सुमारे ३ लाख ७० हजार नोंदी तपासल्या होत्या. त्यांपैकी ६५ टक्के नोंदी प्रत्यक्ष साठ्याशी जुळल्या नाहीत. तेथे संगणक होते, बारकोड होते आणि नोकरवर्गही होता.

या उणिवेवरील उपाय म्हणून रेडिओ लहरींच्या साहाय्याने वस्तूची ओळख पटविणारे आर.एफ.आय.डी. तंत्र पुढे आले. या तंत्राचा मालसाठ्याच्या नोंदीपर्यंत झालेला प्रवास आणि त्यातून लहान व्यवसायाच्या वाट्याला काय आले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. टॅग पुरेसा स्वस्त झाला की लहान व्यावसायिकही तो वापरू लागतील, अशी मांडणी सर्वसाधारणपणे केली जाते. मात्र गेल्या वीस-पंचवीस वर्षांच्या घटनांकडे पाहता किमतीइतकाच दुसरा एक प्रश्न निर्णायक ठरलेला दिसतो. टॅगचे पैसे कोण देतो आणि तो टॅग वाचतो कोण, हा तो प्रश्न होय.

परावर्तित लहरींचा शोध

या तंत्राचा उगम व्यापारात नाही. दुसऱ्या महायुद्धात रडारच्या पडद्यावर दिसणारे विमान आपले की शत्रूचे, हे ओळखण्यासाठी ब्रिटिशांनी विमानांवर उत्तर देणारी यंत्रे बसविली. लहरींनी विचारावे आणि वस्तूने स्वतःची ओळख सांगावी, ही कल्पना त्यात स्पष्ट आहे. दुसरे उदाहरण हेरगिरीचे आहे. इ. स. १९४५ मध्ये मॉस्कोतील अमेरिकन राजदूत ॲव्हरेल हॅरिमन यांना सोव्हिएत शाळकरी मुलांकडून कोरीव लाकडी राजचिन्ह भेट मिळाले. लेव थेरेमिन यांनी तयार केलेले, विद्युतघट नसलेले एक श्रवणयंत्र त्याच्या आत होते. बाहेरून लहरी सोडल्या की ते जागे होई, एरवी निर्जीव असे. इ. स. १९५२ मध्ये ते सापडले. आज दुकानातील सदऱ्याला अडकविलेला टॅगही विद्युतघटाविना चालतो आणि रीडरने सोडलेल्या लहरींतूनच ऊर्जा घेतो, हे लक्षात घेतले म्हणजे या दोहोंमधील नाते ध्यानी येते.

हॅरी स्टॉकमन यांनी ऑक्टोबर १९४८ मध्ये परावर्तित शक्तीच्या साहाय्याने संदेशवहन कसे करता येईल, यावर शोधनिबंध प्रसिद्ध केला आणि या क्षेत्रात अजून पुष्कळ काम बाकी असल्याचेही नमूद केले. ते काम होण्यासाठी ट्रान्झिस्टर, एकात्मिक परिपथ आणि स्वस्त संगणक यांची वाट पाहावी लागली. मारिओ कार्डुलो यांना स्मृती असलेल्या निष्क्रिय टॅगचे एकस्व २३ जानेवारी १९७३ रोजी मिळाले. त्यापूर्वी १९७१ मध्ये त्यांनी न्यूयॉर्कच्या बंदर प्राधिकरणापुढे टोलवसुलीसाठी याचे प्रात्यक्षिक केले होते. भारतात फास्टॅग फेब्रुवारी २०२१ पासून सर्वत्र अनिवार्य झाला, तोही याच कुळातला. दरम्यान, १९६० च्या दशकात दुकानांतील चोरी रोखण्यासाठी 'आहे' किंवा 'नाही' एवढेच सांगणारे टॅग बाजारात आले होते. व्यापारात रेडिओ टॅगचा पहिला मोठा शिरकाव झाला तो असा, रखवालदार म्हणून. कारकुनाचे काम त्याच्याकडे बरेच नंतर आले.

बारकोडची कामगिरी आणि मर्यादा

कारकुनाचे काम आधी बारकोडने केले. जोसेफ वुडलँड व बर्नार्ड सिल्व्हर यांच्या कल्पनेला १९५२ मध्ये एकस्व मिळाले, तरी २६ जून १९७४ रोजी ओहायो राज्यातील ट्रॉय येथील एका सुपरमार्केटमध्ये ६७ सेंटचे च्युइंगगमचे पाकीट स्कॅनरवरून जाईपर्यंत बावीस वर्षे गेली. भारतात बारकोडचे क्रमांक देणारी संस्था १९९६ मध्ये स्थापन झाली. पुढे मॉल व सुपरमार्केट वाढू लागली तसे पापड, मसाले, लोणची करणाऱ्या लहान उत्पादकांनाही पाकिटावर पट्ट्या छापणे भाग पडले.

बारकोड वस्तूचा प्रकार सांगतो, नग सांगत नाही. एकाच मापाच्या दोनशे सदऱ्यांवर एकच क्रमांक असतो. मराठी घरांत स्टीलच्या भांड्यावर नाव घालण्याची पद्धत आहे. त्या नावावरून भांडे कोणाचे हे कळते, पण हा त्यांच्याकडील चौथा डबा की सातवा, ते कळत नाही. बारकोडची मर्यादा काहीशी अशीच आहे. शिवाय प्रत्येक वस्तू हातात घेऊन स्कॅनरसमोर धरावी लागते. त्यामुळे विक्रीच्या क्षणी बारकोड अत्यंत उपयुक्त ठरला, पण मांडणीवरील व माळ्यावरील मालाची मोजणी पूर्वीइतकीच कष्टाची राहिली. चोरी, चुकीचे बिल, परत आलेला पण नोंदीत न चढलेला माल या गोष्टी विक्रीच्या खिडकीपाशी दिसत नाहीत, आणि नोंद बिघडते ती नेमकी त्यांच्यामुळे.

पाच सेंटचा टॅग

इ. स. १९९९ मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये ऑटो-आयडी सेंटर स्थापन झाले. डेव्हिड ब्रॉक, संजय सरमा, सनी सिउ आणि केव्हिन ॲश्टन ही त्यामागील प्रमुख मंडळी होत. ॲश्टन हे प्रॉक्टर अँड गॅम्बल या कंपनीतून आलेले. लिपस्टिकची एक छटा दुकानाच्या मांडणीवर सतत संपलेली दिसे आणि गोदामात मात्र ती असे, या अनुभवातून त्यांचा शोध सुरू झाला. केंद्राला आर्थिक पाठबळ देणाऱ्यांत मोठे उत्पादक व विक्रेते होते. याची नोंद येथे मुद्दाम घ्यावी लागते, कारण प्रश्न कोणी विचारला यावर उत्तराचा आकार ठरतो.

केंद्राचे उत्तर बुद्धिमान होते. टॅग महाग असतो तो चिपमुळे आणि चिप मोठी होते ती साठवलेल्या माहितीमुळे. म्हणून चिपमध्ये फक्त एक क्रमांक ठेवावा आणि त्या क्रमांकाचा अर्थ दूरच्या संगणकावर साठवावा, असा विचार पुढे आला. या ९६ बिटांच्या क्रमांकात उत्पादक, वस्तूचा प्रकार आणि प्रत्येक नगाचा स्वतंत्र अनुक्रमांक सामावत असे. टॅग पाच सेंटला मिळावा, हे उद्दिष्ट सरमा यांनी मांडले. डिसेंबर २००४ मध्ये 'जेन-टू' हे मानक संमत झाले आणि वेगवेगळ्या कंपन्यांचे टॅग व रीडर परस्परांशी जुळू लागले. एका वेळी शेकडो टॅग, तेही खोक्याच्या आतून, वाचता येऊ लागले. पाणी व धातू यांच्यापुढे मात्र या लहरी अडखळत. तेलाचे डबे किंवा सरबताच्या बाटल्या मोजण्यापेक्षा कापड मोजणे त्यांना कितीतरी सोपे जाई.

या रचनेचा एक परिणाम तेव्हा फारसा चर्चिला गेला नाही. टॅगवर नुसता क्रमांक आणि अर्थ संगणकात, असे झाले की ज्याच्याकडे तो संगणक त्याच्याकडे माहिती. जुन्या पद्धतीत गाठोड्यावरची चिठ्ठी वाचता येणाऱ्या कोणालाही वाचता येत असे. नवी चिठ्ठी रीडरवाचून व जोडलेल्या नोंदीवाचून मुकी होती.

वॉलमार्टचा आदेश आणि लहान पुरवठादार

जून २००३ मध्ये वॉलमार्टने आपल्या सर्वांत मोठ्या १०० पुरवठादारांना जानेवारी २००५ पासून खोकी व लाकडी पॅलेट यांवर टॅग लावण्यास सांगितले. त्याच वर्षी अमेरिकेच्या संरक्षण खात्यानेही आपल्या पुरवठादारांसाठी असेच धोरण जाहीर केले. वॉलमार्टच्या यादीत पुढील वर्षी आणखी २०० पुरवठादार घेण्याचे ठरले. अशा रीतीने टॅग प्रयोगशाळेतून थेट करारपत्रात गेला.

पुरवठादारांच्या बाजूने हे चित्र कसे होते? टॅग, तो छापणारे यंत्र आणि संगणक प्रणाली यांचा खर्च त्यांचा. टॅग तेव्हा पाच सेंटच्या जवळपासही नव्हता. ज्याच्या खोक्यात महाग वस्तू त्याला हा खर्च जाणवत नसे, पण कमी नफ्याची वस्तू पुरविणाऱ्याला तो प्रत्येक खोक्यामागे जाणवे. परिणामी अनेकांनी एक सोपी वाट काढली. माल गाडीत चढविण्याच्या वेळी, तोही फक्त वॉलमार्टकडे जाणाऱ्या खोक्यांवर, टॅग लावायचा. 'चिकटवा आणि पाठवा' या अर्थाचे टोपणनाव या पद्धतीला पडले. त्यात आळस होता असे म्हणणे अन्यायाचे होईल. आदेशाची पूर्तता किमान खर्चात करण्याचा तो व्यवहारी मार्ग होता. मात्र त्यामुळे असे झाले की खोके पुरवठादाराच्या स्वतःच्या गोदामात असेपर्यंत त्यावर टॅगच नसे. ते दाराबाहेर पडताना त्याला ओळख मिळे आणि ती ओळख प्रथम उपयोगी पडे ती दुसऱ्याच्या दारात. ज्याने पैसे दिले त्याच्या मोजणीत एका नगाचीही सुधारणा होत नसे.

खरेदीदाराला मात्र लाभ झाला, आणि तो मोजलाही गेला. अर्कान्सा विद्यापीठाच्या २००५ मधील अभ्यासात टॅग वापरणारी १२ दुकाने व न वापरणारी १२ दुकाने २९ आठवडे तपासली गेली. टॅग असलेल्या दुकानांत मांडणीवरील माल संपण्याचे प्रमाण १६ टक्क्यांनी घटले. मांडणी भरलेली राहिली तर पुरवठादाराचाही माल अधिक विकला जातो, असा युक्तिवाद यावर करता येतो आणि तो चुकीचा नाही. आपल्या खोक्यांच्या वाचनाची माहिती वॉलमार्ट पुरवठादारांना उपलब्धही करून देत असे. तथापि त्या माहितीतून अर्थ काढण्यासाठी विश्लेषक नेमणे मोठ्या कंपनीला शक्य होते. जेथे मालकच खरेदी, उत्पादन आणि हिशेब पाहतो, तेथे ही माहिती न उघडलेल्या पत्रासारखी पडून राही.

आदेशाची गती मंदावत गेली. जानेवारी २००८ मध्ये याच समूहाच्या सॅम्स क्लबने टेक्सासमधील डिसोटो येथील वितरण केंद्रासाठी टॅग नसलेल्या प्रत्येक पॅलेटमागे २ डॉलर आकार लावण्याचे जाहीर केले. पुढील वर्षी तो १२ सेंटवर आणला गेला. दोन डॉलर हा दंड होता, तर बारा सेंट म्हणजे टॅग लावून घेण्याची मजुरी. या एका आकड्यातील बदलात पहिल्या पर्वाची माघार वाचता येते. ग्राहकांच्या खासगीपणाविषयीचा वादही याच काळातला. इ. स. २००३ मध्ये बेनेटनच्या कपड्यांत टॅग बसविण्याच्या बातमीवरून बहिष्काराची हाक दिली गेली होती. परंतु मोहीम थंडावण्यामागे त्या वादापेक्षा खर्च व लाभ यांची ही विषम वाटणीच अधिक कारणीभूत दिसते.

एका छताखालील टॅग

तंत्र पुन्हा उभे राहिले ते कपड्यांच्या दुकानात. लॉस एंजेलिसमध्ये स्वतः कपडे शिवून स्वतःच्या दुकानांत विकणाऱ्या अमेरिकन अपॅरल या कंपनीने २००७-०८ च्या सुमारास न्यूयॉर्कमधील कोलंबिया विद्यापीठाजवळच्या दुकानात प्रत्येक कपड्यावर टॅग लावून पाहिला. ही कंपनी पुढे दिवाळखोरीत निघाली, पण त्याची कारणे निराळी. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे ते असे की टॅग लावणारा, त्याचे पैसे देणारा आणि तो वाचणारा येथे एकच होता. झारा या नाममुद्रेची मालक असलेल्या इंडिटेक्सने २०१४ मध्ये जाहीर केलेल्या पद्धतीत टॅग चोरीप्रतिबंधक कठीण बिल्ल्याच्या आत बसविलेला असे. विक्रीच्या वेळी बिल्ला काढून घेतला जाई व पुन्हा नव्या कपड्यावर चढे. म्हणजे टॅगची किंमत एका सदऱ्यावर न पडता अनेक सदऱ्यांत विभागली जाई.

ही दोन्ही उदाहरणे मोठ्या व्यवसायांची आहेत, हे खरे. पण त्यांतील बंदिस्त वर्तुळाची कल्पना लहान व्यवसायाला मोठ्या साखळीच्या आदेशापेक्षा कितीतरी जवळची आहे. मंडप व भांडी भाड्याने देणारा, हॉटेलांच्या चादरी धुणारा, हत्यारे भाड्याने देणारा यांचा माल बाहेर जातो आणि परत येतो, आणि टॅगही त्याबरोबर परत येतो. दहा रुपयांच्या बिस्किटाच्या पुड्यावर काही रुपयांचा टॅग लावणे हास्यास्पद ठरेल, पण वर्षातून पन्नास वेळा धुतल्या जाणाऱ्या चादरीवर शिवलेल्या टॅगचा हिशेब निराळा होतो. वॉलमार्टने मात्र दुसऱ्यांदा, आणि या वेळी अधिक यशाने, आपल्या मूळ मार्गाचाच अवलंब केला. २०१० मध्ये जीन्सपासून सुरुवात करून २०२२ मध्ये गृहोपयोगी वस्तू, खेळणी, विद्युत उपकरणे यांच्या पुरवठादारांवर नगवार टॅगची अट आली. तोवर टॅग खरोखरच स्वस्त झाला होता.

भारतातील वाटचाल

भारतात ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ हा पट्टा कमी शक्तीच्या अशा उपकरणांसाठी २००५ मध्ये परवानामुक्त करण्यात आला. अमेरिकेत याच कामासाठी ९०२ ते ९२८ मेगाहर्ट्झ वापरतात, तर भारतात त्या परिसरात मोबाइल सेवा आहेत. त्यामुळे तेथून मागविलेला रीडर येथे तसाच लावता येत नाही. स्वस्तात मिळालेल्या यंत्रामागे धावणाऱ्या लहान व्यावसायिकाने ही साधी तांत्रिक बाब खरेदीपूर्वीच तपासावयास हवी.

येथेही टॅगचा विस्तार प्रथम वरून खाली झाला. न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरात जुलै २०१६ पासून कंटेनरांवर टॅग लावून त्यांचा मार्ग नोंदविण्याची व्यवस्था सुरू झाली. सीमाशुल्क विभागाने २०१७ मध्ये कारखान्यात स्वतः कंटेनर बंद करणाऱ्या निर्यातदारांसाठी रेडिओ टॅग असलेले इलेक्ट्रॉनिक सील आणले. ते निर्यातदाराने विकत घ्यायचे आणि बंदरावर सरकारी यंत्रणेने वाचायचे. खर्च एकाचा व वाचन दुसऱ्याचे, हा जुनाच नमुना येथे दिसतो. तरी एक फरक मान्य करावा लागतो. पूर्वी सील लावण्यासाठी अधिकाऱ्याच्या उपस्थितीची वाट पाहावी लागे, ती अट या व्यवस्थेत गेली. निर्यातदाराला पैशाच्या बदल्यात वेळ मिळाला. वॉलमार्टच्या लहान पुरवठादाराला तेवढाही मोबदला मिळाला नव्हता.

मालाची अचूक नोंद लहान उद्योजकाला का हवी, याचे एक कारण दुकानाबाहेर, बँकेत आहे. माल नजरगहाण ठेवून घेतलेल्या कॅश क्रेडिट कर्जात ठरावीक काळाने साठ्याचे विवरणपत्र द्यावे लागते. त्या आकड्यातून देणी-येणी व मार्जिन यांचा हिशेब करून उचलीची मर्यादा ठरते. अंदाजाने भरलेला आकडा कमी निघाला तर हंगामात खेळते भांडवल तुटते, आणि फुगविलेला निघाला तर तपासणीच्या दिवशी अडचण होते. वस्तू व सेवा कर कायद्यानेही कंपोझिशन योजनेतील करदाते वगळता नोंदणीकृत व्यावसायिकावर साठ्याची नोंद ठेवण्याचे बंधन आहे. तेव्हा मोजणी हा केवळ शिस्तीचा विषय उरत नाही. मात्र टॅगने मोजलेला आकडा जेवढा खरा तेवढाच तो इतरांनाही दिसणारा असतो, आणि ही उघड होण्याची भीती अनेक ठिकाणी टॅगच्या किमतीपेक्षा मोठी असते. तंत्रज्ञानाच्या प्रसारावरील लिखाणात ती क्वचितच नमूद होते.

सराफी पेढीवर मात्र हे तंत्र कोणाच्या आदेशावाचून रुजताना दिसते. दागिन्याचे मूल्य मोठे, नग शेकडो, आणि रात्री तिजोरी बंद करण्यापूर्वी सर्व ट्रे मोजण्याची रीत जुनी. पूर्वी या मोजणीत संध्याकाळचा बराच वेळ जाई. दोऱ्याने बांधलेल्या जुन्या चिठ्ठीच्या जागी आता टॅगची निमुळती पट्टी आली. धातूमुळे लहरी अडतात म्हणून तिचे वाचले जाणारे टोक दागिन्यापासून दूर राहील अशी तिची घडण असते. ट्रे रीडरवर ठेवला की काही सेकंदांत नग मोजले जातात व कोणता नग नाही हेही कळते. टॅगचे पैसे मालकाचे, वाचन मालकाचे आणि नोंदही मालकाच्याच संगणकात. तथापि रीडर मोजतो तो टॅग, दागिना नव्हे. पट्टी सुटून ट्रेमध्येच राहिली तर दागिना नसतानाही मोजणी पूर्ण भरते. म्हणून मोजणीनंतर ट्रे तराजूवर ठेवून वजनाचा मेळ घालण्याची जुनी पद्धत पेढीला सोडता येत नाही.